चौथी ओळ

अकरा वर्षं हेच काम केलं.
मिरज रस्त्यावरच्या दवाखान्यात, जिन्याखालच्या खोलीत
औषधांच्या अभ्यासासाठी माणसं निवडायची.
वय, वजन, पत्ता, कितव्या पायरीला धाप लागते.
आणि चौथ्या ओळीत, छापील:
गर्भवती असल्यास वगळावे.

पट्टीवर एक रेघ उमटली तर बाई आत,
दोन उमटल्या तर बाहेर.
बाहेर म्हणजे कुठं, ते कागदावर नसायचं.

बाहेर म्हणजे मार्केट यार्डामागं,
जिथं हळद घासायचा ड्रम फिरतो
आणि बारदानावर, पापण्यांवर, भाकरीच्या फडक्यावर
एकच रंग बसतो.
तिथली अंबूताई ऐवळे.
तिला मी दोन रेघा बघून परत पाठवली,
"बाळ झाल्यावर या," हसून.
घरी जाऊन तिनं पंप बंद केला, गोळीही.
बंद कर असं कुणी म्हणालं नव्हतं.
चालू ठेव असंही कुणी म्हणालं नव्हतं.
खोक्यातल्या घडीच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत होतं
गरोदरपणातील सुरक्षितता सिद्ध झालेली नाही,
ते भाच्यानं वाचून दाखवलं, एवढंच.
सातव्या महिन्यात, पहाटे
ते मी लिहिणार नाही.
रजिस्टरातही ते नाही.
वगळलेलीचं पुढं काय झालं, याला रकाना नसतो.

यंदा चैत्रात नवे फॉर्म आले.
बोट सवयीनं चौथ्या ओळीवर गेलं.
तिथं होतं: कितवा आठवडा?

तबस्सुम शिकलगार. बावीस.
तोच यार्ड, तोच ड्रम.
एकोणीस पानं वाचून दाखवली.
गोळी तीच, तू घेतेस तीच.
या दिवसांत अंगात रक्त वाढतं,
त्यात गोळी पुरते की पातळ होते, ते बघायचंय.
चार वेळा रक्त, करंगळीएवढी बाटली.
"म्हंजे आत्तापतूर आमाला अंदाजानंच दिलं व्हय?"
मी पाणी प्यायले.
अंदाजानं, म्हणाले.

"आन पोराला काय झालं तर?"
बाराव्या पानावर उत्तर होतं, तीन परिच्छेद, भरपाईसकट.
वाचलं. मग फॉर्म उपडा ठेवला
आणि म्हटलं, माहीत नाही गं.
"गोळी सोडली तर काय हुईल, ते तरी म्हाईत हाय?"
अंबूताई ओठांवर आली.
पण एका बाईवरून काही सिद्ध होत नाही,
हे मीच नव्या पोरींना शिकवते.

नवरा दारात, चप्पल हातात.
माझी सही लागते का?
नाही.
थोड्या वेळानं पुन्हा, लागते का?
नाही, तिचीच.
तो गेला आणि भडंगाची पुडी घेऊन आला,
कुणासाठी ते त्यालाही ठरवता येईना.

"मंगळवारी सांगते," ती म्हणाली.
मी म्हटलं, नाही म्हणालीस तरी चालेल,
पण गोळी आपल्या मनानं सोडू नकोस, आधी इथं ये.
हे वाक्य सतराव्या पानावर आहे.
मी ते भलत्याच बाईला, फार उशिरा सांगत होते,
आणि तिलाही, वेळेवर.

मंगळवारी आली.
सही वळणदार, वरच्या वेलांटीला झोक.
शेजारी अंगठ्याचा पिवळा ठसा, न मागता पडलेला.
पुण्याहून तपासनीस येईल, म्हणेल पान खराब झालंय, बदला.
बदलणार नाही.

रात्री जुनी रजिस्टरं काढली.
दोन रेघांच्या बायका मोजल्या, त्रेसष्ट.
पेन्सिलीनं शेवटी एक रकाना आखलाय.
पहिल्या नावापुढं काय लिहायचं, ठाऊक आहे.
बाकीच्यांचे पत्ते शोधतेय.
संजयनगरातली दोन घरं
आता तिथं नाहीतच.