वासे मोजताना

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, म्हणतात.
मी मोजतेय. मला पगारच त्याचा मिळतो.
आणि खाल्लंही आहे: सकाळी खमीसने दिलेले खजूर,
उंबऱ्यावर बसून. बिया खिशात.

रास अल खैमाच्या उत्तरेला, डोंगर आणि खाडी यांच्या बेचक्यात
खजुराच्या बागाईतदाराचं घर.
भिंती प्रवाळाच्या दगडाच्या; गिलावा उडालाय तिथे
बोटाला शिंपल्याची कड लागते.
वर बर्जील, चारी तोंडं उघडी,
येईल तो वारा धरून खाली बैठकीत सोडणारा.

बैठकीत वासे एकतीस.
लांबी पावणेतीन मीटर.
शेजारच्या खोलीत तेवढीच. माडीवरही तेवढीच.
मला वाटलं, गवंड्याचा काही नेम असेल.
टेपचं दुसरं टोक धरून खमीस हसला:
"झाड तेवढंच सरळ वाढतं."
पलीकडे आफ्रिकेच्या खाड्यांतलं कांदळ.
म्हणजे मालकाचा दिवाणखानासुद्धा
रुंदीला झाडाच्या शब्दाबाहेर नव्हता.

मग मदबसा. जमिनीला पन्हळीच पन्हळी,
उतार इतका हलका
की गोटी ठेवली तर विचार करून निघते.
भर उन्हाळ्यात छतापर्यंत पोती रचायची
आणि दार लावून घ्यायचं.
दाबायला कुणी लागत नाही.
वरचे खजूर खालच्यांना दाबतात,
काकवी आपोआप कोपऱ्यातल्या रांजणात.

त्याच्या मागे एक खोली.
खिडकी नाही. वासे सहा, कापून उरलेल्या तुकड्यांचे.
मी लिहिलं: कोठार.

खमीस दारातच थांबला.
"माझी पणजी इथे निजायची. मबरूका.
आणखी अकरा जणी.
ह्या लाकडांबरोबरच आली, एकाच गलबतातून.
लाकडं तळाला, माणसं वर.
माणसांची काळजी म्हणून नव्हे,
लाकूड जड असतं."

माझ्या वहीत प्रत्येक वाशाची जाडी आहे,
कुठे वाळवी, कुठे काथ्याची जुनी गाठ.
एकतीस, एकोणतीस, चौतीस, सहा.
बाराचा रकाना नाही.

कोठार खोडलं.
त्याला विचारलं, काय लिहू?
तो टेप गुंडाळत होता, पीळ पडू न देता.
थांबला.
"आधी रुंदी घे," म्हणाला, "ती राहिलीये,"
आणि टोक माझ्या हाती देऊन
आत जाऊन भिंतीला पाठ लावून उभा राहिला.