एस

मगदूम सर फळ्यावर लिहितात : एस.
एवढंच, आणि पुढं रिकामी जागा.
"ही खुर्ची. बसायला कुणी नाही,
पण मांडल्याशिवाय जर्मन माणूस
वाक्य वाढायला घेत नाही."

राजारामपुरी, आठवी गल्ली. खाली झेरॉक्सचं दुकान,
वर आम्ही अकरा जणी,
निम्म्या रात्रपाळीवरून थेट आलेल्या.
एस रेग्नेट. पाऊस पडतो.
"आपल्यात पाऊस पडतो, सर. त्यांच्यात कोण पडतं?"
शबनम मुजावर विचारते.
कुणी नाही, सर म्हणतात. नुसतं पडतं.

एस श्नाइट.
बर्फ आम्ही कुणी बघितलेलं नाही.
पण बावड्याच्या तिघी एकमेकींकडं बघून हसतो :
कारखान्याचा हंगाम सुरू झाला की
गच्चीवरच्या पांढऱ्या युनिफॉर्मवर
काळी भुरभुर उतरते.
आई कापडं झटकत म्हणते, पडाय लागलं बघ.
काय, ते सांगत नाही. सांगावं लागत नाही.

आणि आपली मराठी?
उजाडलं. सांजावलं. मळमळतंय.
इथं खुर्चीसुद्धा नाही,
क्रियापद उभ्या उभ्या जेवून जातं.

थंडी मला वाजते, भूक मला लागते,
आठवण मला येते.
मी कुठं काय करते?
मी नुसती 'ला'ची खुंटी,
येणारं-जाणारं जिच्यावर अडकवून ठेवतं.
मिअर इस्ट काल्ट, सर घोकून घेतात. मला थंड आहे.
चुकूनही इश बिन काल्ट म्हणू नका,
त्यानं माणूसच थंड ठरतो.
नर्सनं तर मुळीच नाही.

शिरोलीच्या फाउंड्रीत आण्णांची तीन बोटं गेली
तेव्हा मी नववीत होते.
कागदावर होतं : काम करत असताना अपघात झाला.
बोटं गेली.
जशी काय जोतिबाला गेली.
मशीनचं गार्ड आठवडाभर काढून ठेवलेलं होतं,
त्याशिवाय माल वेळेत निघत नव्हता.
ठेवलेलं होतं. निघत नव्हता.
आण्णा डाव्या हातानं सही करत म्हणाले,
झालं ते झालं.

गेल्या दिवाळीनंतर सीपीआरच्या वॉर्डात
धनवडे सुपरवायझर आले,
साखरेनं पायाचा अंगठा काळा पडलेला.
मला ओळखलं नाही.
ड्रेसिंग करताना ते कण्हले, आणि मला दया आली.
आली.
मी केली नव्हती.
हात धुताना त्याच नळाखाली
रागही आला. तोही आपला आपणच.

एस गिब्ट : शब्दाला शब्द लावला तर, ते देतं.
अर्थ : आहे.
राख आहे, पाळी आहे, व्हिसाची तारीख आहे,
देणारा विचारायचा नाही.
एस टुट मिअर लाइट :
ते मला दुःख करतं. म्हणजे, माफ करा.
"नातेवाइकांशी बोलताना
हे वाक्य तुम्हाला रोज लागेल," सर म्हणाले,
आणि आम्ही अकरा जणींनी ते एका सुरात म्हटलं.
आमच्या घरी येऊन ते
कुठल्याच भाषेत कुणी म्हटलं नव्हतं.

गृहपाठ : एस वापरून दहा वाक्यं.
नऊ लिहिली. जमतंय, चालतंय, दार वाजतंय,
वास येतोय, घाई आहे.
दहाव्याला खुर्ची ओढून बाजूला केली
आणि लिहिलं :
धनवडेंनी गार्ड काढलं.
क्रियापद शेवटाला, जिथं हवं तिथं.

वही परत आली.
लाल शाईत, सरांच्या बारीक अक्षरात :
वाक्य बरोबर. पण यात एस कुठंय?

मी वही पिशवीत घातली.
जिन्यात अंधार होता, खाली मशीन
कुणाच्या तरी जातीच्या दाखल्याच्या प्रती काढत होतं.
रस्त्यावर आले तर सांजावलं होतं.
त्याला मात्र खरंच कुणी लागत नाही.