मांडवात पाऊस आला तर

तेमुकोत आमचं बटणांचं दुकान होतं.
बटणं, चेन, अस्तराचं कापड,
आणि गल्ल्यामागं बाबा.
त्यांना सगळे हाखाम म्हणत,
कारण चिलीच्या त्या टोकाला दुसरा कोणी नव्हता.

गिऱ्हाईक कोण आणि प्रश्न घेऊन आलेलं कोण
हे मला दारातच कळायचं.
बटण हवं असलेली बाई सदरा पुढं करायची.
प्रश्नवाली आधी हवेबद्दल बोलायची.

मग हळूच: कोंबडीच्या पोटात खिळा निघाला,
हा बघा, रुमालात आणलाय.
मटणाचा डाव दुधाच्या पातेल्यात पडला,
दूध गार होतं हो, अगदी गार.
वल्हांडणाचे तांदूळ तीनदा निवडायचे,
दुसऱ्या खेपेला माझा डोळा लागला,
ती खेप धरायची का?

बाबा खिळा उजेडात फिरवून बघत.
आरपार गेला होता? रक्त होतं?
डावाला जेवढा वेळ देत
तेवढाच वेळ डाव पाडणाऱ्या हाताला.
डुलकीवाल्या बाईला म्हणाले,
"पुन्हा निवड. पण आधी झोप."

मला कोडं पडायचं ते पावसाचं.
डिसेंबरात गहू कापणीला आलेला, आभाळ ठणठणीत,
आणि आम्ही यरुशलेमकडं तोंड करून पाऊस मागायचो.
वल्हांडण झालं, पत्रे वाजायला लागले,
गल्लीतून कोणाची तरी चप्पल वाहत गेली,
की आमचं मागणं बंद.
"बाबा, हे उलटं नाही का?"
बाबा रिबीन मोजत होते.
"मागणाऱ्याच्याच अंगणात पडावा
असं कुठं लिहिलंय?"

बुलिसा आरुएस्ते हवेबद्दल काही बोलली नाही.
सहा काळी बटणं मागितली, पैसे ठेवले,
आणि म्हणाली, "मेल्याचा दिवस माहीत नसेल
तर दिवा कधी लावायचा?"

वितालिला त्या सप्टेंबरात
वसतिगृहातून नेलं, त्याला चार वर्षं झाली होती.
दुकानात दोन गिऱ्हाइकं होती,
दोघंही बाहेर बघू लागली.

बाबांना उत्तर पाठ होतं.
"एक दिवस निवडायचा," ते म्हणाले,
"आणि दरवर्षी तोच पाळायचा."

"मी निवडू?" बुलिसा म्हणाली.
"त्याचा दिवस, मी?"

बाबांनी बटणं मोजली.
सहा होती.
पुन्हा मोजली.

दहा-बारा दिवसांनी मांडवांचा सण आला.
आमच्याकडं तो वसंतात येतो, म्हणजे चिखलात.
दुकानामागच्या अंगणात चार बांबू,
वर पाइनच्या फांद्या, मधून आभाळ दिसेल इतक्या विरळ.
घेवड्याचं सूप वाढून झालं आणि सर आली.

याचाही नियम आहे.
ताटातलं बिघडेल इतका पाऊस झाला की उठावं.
उठायची मुभा असून बसून राहतो
त्याला जुन्या पंडितांनी सरळ अडाणी म्हटलंय.
बाबांनी ताटावर तळहात धरला,
थेंब मोजल्यासारखे थांबले, मग मान हलवली.
सगळे वाडगे उचलून आत पळाले,
मामानं पावही पळवला.

बुलिसा उठली नाही.
तिच्या वाडग्यातलं सूप वाढत होतं.

दाराशी बाबा, खांद्यावर फडका.
मला वाटलं, आता नियम सांगतील.
आई म्हणाली, "अहो, तिला आत बोलवा."
त्यांनी स्वैपाकघरातली खुर्ची उचलली,
मांडवात नेली,
चिखलात पाय डगडगत होता म्हणून
खाली एक चपटा दगड सरकवला,
आणि बसले.

काही बोलले का, माहीत नाही.
पत्र्याचा आवाज फार होता.

त्यांची प्रश्नांची वही माझ्याकडं आहे.
खिळा आहे, डाव आहे, तांदूळ आहेत,
प्रत्येकासमोर उत्तर, शाईत.
बुलिसाचा प्रश्न आहे.
समोरची जागा पाण्यानं फुगलेली,
की तिथं काही लिहिलंच नव्हतं,
कागदावरून सांगता येत नाही.

आणि सहा काळी बटणं आहेत, पुडीत.
ती न्यायची विसरली.
पैसे तिनं दिले होते.