अर्थ लागत नाही

ब्रेक दाबला की पेट्रोलचा काटा
शून्यावर आडवा व्हायचा.
पाय उचलला की पुन्हा पाव टाकी.
कलिनाच्या सिग्नलला मी रोज कंगाल व्हायचे
आणि हिरव्या दिव्याबरोबर सावरायचे.

चौऱ्याण्णवची प्रीमियर.
बॅटरी बदलून झाली, फ्यूज बदलून झाले,
मीटर दोनदा उघडून झालं.
कुर्ल्यातल्या एका शहाण्यानं तर
गिऱ्हाईकच आणलं.

पास्कल डिमेलोनं बॉनेटला हातही लावला नाही.
म्हणाला, ब्रेक दाबून बसा,
आणि स्वतः डिकीत शिरला, कमरेपर्यंत.
स्टेपनी फुटपाथवर आली, मग जॅक,
मग माझी दोन वर्षांपूर्वी हरवलेली
डाव्या पायाची चप्पल.

"अर्थ लागत नाय," आतून आवाज.
म्हटलं, तेच तर सांगतेय तीन महिने.
"तसा नाय, बाय. बॉडीचा अर्थ."

करंट जातो वायरीतून,
घरी येतो पत्र्यावरून.
ती वाट गंजली
की ब्रेकचा दिवा शेजाऱ्याच्या दारातून घुसतो,
आणि शेजारी बिचारा काटा,
त्याला वाटतं आपलीच टाकी आटली.

कोपऱ्यात, चटईखाली, एक बोल्ट.
त्याच्या पोटाशी हिरवं पडलेलं तांबं.
पॉलिश पेपर घासला, फुंकर मारली,
बोटभर ग्रीस.

दाबला ब्रेक. पाव टाकी.
परत दाबला. पाव टाकी.
मी उगाचच आणखी चारदा दाबला.

पास्कल हात पुसत खिडकीशी आला:
"आता खरं बोलतो तो.
पहिला पंप आला की भरून घ्या."