हातचा

तोल्मिनच्या अभिलेखागारात
मंगळवारी अकराच्या सुमारास ती आली,
तिन्कारा म्राक, इतिहासाची विद्यार्थिनी,
ओल्या बुटांनी फरशीवर दोन तळी करत.
अर्जात 'विषय' या रकान्यात लिहिलं होतं:
युद्धामुळे काय काय बदललं?

मी अर्ज फिरवून तिच्याकडे सरकवला.
म्हटलं, पोरी, सोचा नदी मागितलीस,
आणि आणलायस पेला.

तिनं खोडलं. मी विचारलं,
युद्ध कुठलं? पहिलं.
म्हणजे इथं मे पंधरा ते ऑक्टोबर सतरा.
त्यानंतरही डोंगर होते तिथंच होते,
एक-दोन थोडे बुटके झाले होते, एवढंच.
बदललं म्हणतेस, पण कुणाचं?
गाईंचं? नकाशाचं? पाद्र्याच्या प्रवचनाचं?
ती हसली नाही.
पेन्सिलीचं टोक चावत खिडकीकडे बघत राहिली.

दुपारी दुसरा कागद:
लिपोवेक गावातल्या स्त्रियांचं जीवन युद्धानं कसं बदललं?
बरं आहे, मी म्हटलं, गाव आलं, माणसं आली.
पण जीवन माझ्याकडे नाही.
माझ्याकडे खोकी आहेत.

एक्केचाळीसावं खोकं. लिपोवेकच्या दूधसंघाची वही.
तारीख, लिटर, आणणाऱ्याचं नाव.
ज्यानं त्यानं आपल्या हातानं लिहायचं,
संघाचा नियमच तसा.

चौदा साली सगळे पुरुष,
रेटून लिहिलेली, छाती काढलेली अक्षरं.
पंधराच्या मेमध्ये अर्धं पान,
मग काही नाही,
साधा शाईचा डागसुद्धा नाही.
गाव बैलगाड्यांत बसून कुठल्याशा छावणीत गेलं होतं.

एकोणीसला वही पुन्हा उघडते.
क्रोन खोडून लिरा लिहिलाय,
आणि नावं बायकांची.
मारयुता कोफोल आधी नुसती फुली मारते.
शरद ऋतूत तिच्या फुलीला अक्षरं फुटतात,
त्यातला क एका पायानं लंगडा,
उतारावरच्या शेळीसारखा.

तेवीसपासून पुन्हा येर्नेय, फेर्दो, आन्द्रेय.
पुरुष परतले, घडी पूर्ववत बसली,
असं मी आजवर तीन संशोधकांना सांगितलंय,
तिघांनीही ते तळटीपेत छापलंय.

गुरुवारी तिनं मला हाक मारली नाही.
मीच चहाचा कप घेऊन गेलो
तर वहीची दोन पानं तिनं आरशासारखी समोरासमोर धरलेली.
हा क बघा, म्हणाली.
नाव येर्नेय कोफोल.
क लंगडा.

मग आम्ही दोघांनी मोजलं.
चौदा नावांपैकी नऊ.
आणि लिटरांच्या बेरजेत, रकान्याच्या डोक्यावर,
पेन्सिलीनं मांडलेले बारीक हातचे,
एक, दोन, पुन्हा एक,
तेही त्याच हातचे.
हातचा उत्तरात कुठं दिसत नाही.
तो धरला नाही तर उत्तर चुकतं, इतकंच.

चार वाजता तिनं नवा अर्ज मागितला:
तेवीसनंतर लिपोवेकच्या वहीत
नाव पुरुषाचं आणि अक्षर बाईचं का?
'का' खोडलं. लिहिलं, केव्हापासून.
तेही खोडलं. लिहिलं, कुणाच्या सांगण्यावरून.
मग तीनही शब्द परत लिहिले, एकाखाली एक,
आणि म्हणाली, उत्तर कदाचित नसेल तुमच्याकडे.
नसेल, मी म्हटलं. संघाची पत्रं सव्वीसच्या पुरात गेली.
तरी मी शिक्का मारला.

रात्री रोझालियानं महिन्याचा हिशोब पुढ्यात ठेवला,
नेहमीसारखा, पेन खालच्या ओळीवर टेकवून.
सही मी करतो.
आज आधी वरचे आकडे वाचत बसलो,
तेव्हा ती म्हणाली, काय शोधतोयस?