हातांचं काय करायचं

उत्तरायणानंतरचा दुसरा रविवार,
सकाळचे साडेसात, कमाटीबाग.
विश्वामित्रीवरचं धुकं अजून उठायचंय
आणि आम्ही पाचजण इस्त्रीच्या कपड्यांत उभे,
लग्नाला तारीख चुकून आल्यासारखे.

हसू नका, फाल्गुनी म्हणाली.
फाइन आर्ट्सच्या शेवटच्या वर्षाला आहे ती,
गळ्यात कॅमेरा, पायात घरातल्याच सपाता.
हसू नका बेन, नुसतं फिरा.
आम्ही फिरलो.
रांगेत.

अप्पांनी कवळी बसवून आणली होती
आणि वर तोंड घट्ट मिटलं होतं.
हेमंतने पोट आत घेतलं, ते बाहेर सोडायला विसरला.
मला प्रश्न पडला होता हातांचा.

अकरा वर्षांतले घरातले सगळे फोटो मी काढलेत.
दोन्ही बारशी, द्वारकेची बोट, अद्वयचा पडलेला दात.
त्यांत मी असलेच तर
गवतावर एक लांब सावली, कोपरं बाहेर काढलेली.
कॅमेऱ्यामागे हातांना काम असतं.
पुढे आलं की वाटतं, कुणी तरी ठेवायला देऊन गेलंय
आणि परत न्यायला आलेलं नाही.
मागे बांधले तर शाळेची प्रार्थना.
पुढे जोडले तर निवडणूक.
कमरेवर ठेवले, तर हेमंत म्हणाला,
भाजीवाल्याने काय केलं?

मग शर्वाला वडाच्या पारंब्या दिसल्या.

आई, धर.
एक बूट.
धर.
एक मोजा, दवाने चिंब, टाचेला माती.
दुसऱ्या पायाचं ती विसरलीच,
एका बुटावर लोंबकळत राहिली,
फ्रॉकची इस्त्री तिथेच संपली.

अद्वय झुडपात शिरला तो पतंग घेऊन आला,
हिरवा, निम्मा, शेपटीला कुणाच्या तरी गच्चीवरचा मांजा.
बोट कापेल रे, म्हणेपर्यंत
आई, धर, म्हणून तोही माझ्याकडे.
हेमंतने गॉगल दिला, न बोलता.
मागून कोट. ऊन यायला लागलं होतं
आणि त्याचं पोट पूर्ववत झालं होतं.

फाल्गुनी कुठे आहे, कुणाच्या लक्षात नव्हतं.

नदीच्या बाजूला जाळीवर पाटी होती.
अद्वयला गुजराती वाचायला नुकतं यायला लागलंय,
एकेक अक्षर फोडत, मोठ्याने:
म ग रो थी... सा व धा न.
मग जाळीतून बराच वेळ पाण्याकडे बघून
त्याने अप्पांना विचारलं,
मगर म्हातारी झाली की
तिला कवळी कोण करून देतं?

अप्पा हसले.
सबंध बागेने ऐकावं असे हसले,
बाकावर अनुलोमविलोम करणारे दोघे
एक नाकपुडी धरूनच वळले.
हसता हसता कवळी निसटली,
ती त्यांनी ओंजळीत झेलली,
रुमालात बांधली, चार गाठींनी,
आणि डोळे पुसत माझ्याकडे दिली.
धर गं जरा.

सासऱ्यांना इतकं बोळकं हसताना
मी पहिल्यांदाच बघत होते.
आई गेल्यापासून तर
ते हसायच्या आधी खोलीत कोण आहे ते बघायचे.

थई गयुं, फाल्गुनी म्हणाली, झुडपाआडून.
काय झालं? हेमंतने विचारलं.
अजून आम्ही नीट उभे कुठे राहिलोय?

मग शेव-उसळ. शर्वा एका पायात बूट घालून,
दुसरा पाय माझ्या मांडीवर.

फोटो आता हॉलमध्ये आहे, घड्याळाच्या शेजारी.
शर्वा अर्धी चौकटीबाहेर. अद्वयची पाठ.
अप्पांचं तोंड आभाळाएवढं उघडं.
मी मध्ये, मान मागे टाकलेली, डोळे मिटलेले,
आणि दोन्ही हात इतके भरलेले
की ते कसे दिसतात हे मला आठवलंच नव्हतं.

पाहुणे जवळ जाऊन बघतात.
बूट कळतो, पतंग कळतो.
रुमालात काय आहे हो?
मी अप्पांकडे बघते.
खारे शेंगदाणे, अप्पा सांगतात,
तोंड न उघडता.