फिडर नंबर चार

पर्थहून आलेल्या भांड्याची पिन तिरकी,
दोन दांड्या
भांडलेल्या जावांसारख्या एकमेकींकडं पाठ करून.
भुसावळच्या कुठल्याच भोकात बसेना
म्हणून आयरिस आंटीनं मला बोलावलं,
पंधरा बंगल्यामागच्या क्वार्टरात.

मी पिन कापली, आपली बसवली,
हिरवी वायर अर्थला.
बटणावर तीन जागा : लो, हाय, वॉर्म.
"लो पे रखनेका, तायडे. दस घंटा.
गडबड नै करनेका."

ओट्यावर तिचं सहा दिवसांचं काम :
म्हशीचं मांस, काट्यानं टोचून टोचून
मीठ, सोरा, लिंबू, गूळ चोळलेलं,
वर ताटली, ताटलीवर वजन म्हणून
रुळाची फिशप्लेट.
"सबको रिटायरमेंट पे घड्याळ मिला.
क्लॅरन्स ये भी उठाके लाया."
घड्याळ भिंतीवर बंद होतं.
फिशप्लेट अजून ड्युटीवर.

"तुमारे घर में करते, ऐसा नमक का?"

मी टेस्टर खिशात ठेवला, काढला,
पुन्हा ठेवला.
वरणगावला आत्याच्या अंगणात
मीठ-हळद लावलेल्या पट्ट्या तारेवर असायच्या,
कावळे हाकायला मी,
हातात काठी, मांडीवर अर्धी भाकर.
त्या तारेबद्दल शाळेत बोललो नाही.
नोकरीत तर नाहीच,
आणि नोकरी सगळी तारांचीच.

चान्या, मी म्हणालो.
"चान्या," तिनं म्हणून पाहिलं,
कुणा भाचीचं नाव असावं तसं.
"ब्यूटिफुल."

रात्री मी सबस्टेशनात.
मे महिना. पत्रा दीड वाजताही तापलेला,
पंखा तीच ती हवा ढवळतोय.
दोन-दहाला जळगावहून फोन :
लोड वाढलाय, चार नंबर पाडा.
चारवर कोण कोण ते मला पाठ :
बर्फाचा कारखाना, दोन गिरण्या,
झांबरे डॉक्टरांचा दवाखाना (त्यांना जनरेटर आहे),
अख्खी कॉलनी
आणि आजपासून एक भांडं.
लॉगबुकात भांड्याला रकाना नाही.
पाडला. ०२.१२ लिहिलं, सही केली.

मग हेल्परला फोनपाशी बसवून
सायकल काढली,
कॅरिअरला माझी गोधडी.

ती जागीच. मेणबत्तीशी,
झाकणावर हात ठेवून,
पोराचा ताप बघतात तशी.
"चार घंटा हुआ. छे बाकी."
मी पाडला, असं म्हणालो.
"मालूम," म्हणाली, "और कौन पाडेगा?"

भांडं गोधडीत गुंडाळलं,
वर उशी, उशीवर क्लॅरन्सचा गार्डाचा कोट,
बटणं वरच्या अंगाला.
झाकण उघडायचं नाही,
एकदा उघडलं की अर्धा तास मागे.
मग काहीच न उघडता
आम्ही दोघं दोन बाजूंना बसून राहिलो,
मधे ते गरम गाठोडं.
यार्डातनं मालगाडी गेली. तिनं डबे मोजले :
अठ्ठावन्न.
मला बावन्न आले.
"तुम बीच में सो गया," म्हणाली.

लाईट चार-चाळीसला आली.
हेल्परनं आणली, मी नाही.

आठाला बशी समोर :
कोबी, गाजर, बटाटा,
आणि मांस, सोऱ्यानं गुलाबी राहिलेलं,
चमचा लागला की
जुन्या गोधडीचा धागा निघावा तसं सुटणारं.
मी आधी बटाटा खाल्ला.
बटाट्याला रात्रीचं सगळं माहीत होतं.

स्टीलचा डबा भरून दिला, आत्यासाठी.
म्हटलं, तिले दात नाहीत आता,
एकही नाही.

"अरे, तो दस घंटा
किसके लिये पकाया?"
आणि डब्याचं झाकण
फिशप्लेटनं ठोकून बसवलं.